हाड लवकर जुळवणारे औषध : कोणाला आणि केव्हा?

आपले कारंजा (घाडगे) नागपूर-अमरावती महामार्गावर वसलेले आहे. पूर्वी या रस्त्याचा क्रमांक ६ होता, आता तो ५३ झाला आहे. रस्ता रुंद झाला, वाहने वेगाने धावू लागली आणि मोडलेली हाडे हा आमच्यासारख्या गावच्या डॉक्टरांच्या रोजच्या कामाचा भाग होऊन बसला. मोटारसायकलवरून फेकला गेलेला तरुण, संत्री तोडताना शिडीवरून घसरलेला मजूर, न्हाणीत पाय सरकून पडलेली आजी, असे रुग्ण प्रथम आमच्याकडे येतात. हाडाला आधार बांधून आम्ही त्यांना सेवाग्रामला, सावंगीला किंवा नागपूरला पाठवतो. ऑपरेशन तिकडे होते, पण कागदावर सही करण्याआधी नातेवाईक विचारायला पुन्हा आमच्याकडेच येतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या तोंडी एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. "डॉक्टरसाहेब, हाडात ते फॅक्टर का काय टाकलं तर लवकर जुळते म्हणते. टाकू का?"

या साध्या प्रश्नामागे घराचे सारे अर्थकारण उभे असते. घरचा कमावता माणूस खाटेवर पडलेला असतो. आंबिया बहाराचा सौदा आगाऊ करून, नाहीतर सावकाराकडून उचल घेऊन ऑपरेशनची सोय केलेली असते. त्यात कोणी सांगितले की आणखी काही हजार किंवा लाखभर घाला, माणूस लवकर उभा राहील, तर नकार देण्याची हिंमत कोणाला होणार? म्हणून या विषयावर सविस्तर लिहिण्याचे ठरवले. माझे मत आधीच सांगून टाकतो. हाड वाढवणारे हे घटक थोतांड नाहीत, ते खरे विज्ञान आहे. परंतु ते मोजक्या, अडलेल्या हाडांसाठी आहेत. साध्या मोडलेल्या हाडाला ते सरसकट घालणे म्हणजे गरिबाच्या खिशाला दुसरे फ्रॅक्चर करणे होय.

हाड आपले आपणच जुळते

वाचकहो, निसर्गाने हाडाला एक विलक्षण देणगी दिली आहे. कातडी फाटली की ती भरून येते, पण व्रण राहतो. हाड मात्र पुन्हा हाडानेच भरते. हाड मोडले की त्या जागी रक्ताची गाठ तयार होते. या गाठीतील रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, आणि मोडलेल्या हाडाची टोके काही प्रथिने बाहेर सोडतात. ही प्रथिने आजूबाजूच्या पेशींना जणू सांगावा धाडतात की इकडे या आणि कामाला लागा. यांनाच वृद्धिघटक किंवा ग्रोथ फॅक्टर म्हणतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तेथे मऊ कुर्चेचा पूल तयार होतो, पुढे त्यात कॅल्शियमचे क्षार भरतात आणि एक्स-रेमध्ये पांढरट गाठोडे दिसू लागते. त्याला आम्ही कॅलस म्हणतो. शेवटी कित्येक महिने ते हाड घडवले जाते आणि मूळच्या आकाराजवळ येते.

मोठ्या माणसाच्या हाताचे हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत धरते. पायाच्या नडगीला चार-पाच महिने लागतात. लहान मुलांत याच्या निम्म्या वेळात काम होते. शंभरातील नव्वदाहून अधिक हाडे नीट बसवली, स्थिर ठेवली आणि घाई केली नाही तर कोणत्याही विशेष औषधाशिवाय जुळतात. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. त्यांत नडगी सर्वांत पुढे असते, कारण तिच्या समोरच्या बाजूला मांस नाही, नुसती कातडी आहे. अपघातात ही कातडी फाटून हाड बाहेर आले की रक्तपुरवठा तुटतो, माती आत जाते आणि जुळण्याचे काम अडते.

शोध कसा लागला

हाडात हाड घडवणारे काहीतरी द्रव्य असले पाहिजे, हे अमेरिकेतील शल्यविशारद मार्शल युरिस्ट यांनी १९६५ साली दाखवून दिले. त्यांनी हाडातील कॅल्शियम आम्लाने काढून टाकले आणि उरलेला मऊ सांगाडा प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. जेथे हाडाचे नावनिशाण नसते अशा स्नायूत नवे हाड तयार झाले! पुढे या द्रव्याला बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, थोडक्यात बीएमपी, असे नाव मिळाले.

यानंतरचे महत्त्वाचे पाऊल दोन मूळच्या भारतीय शास्त्रज्ञांनी टाकले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. टी. के. संपत आणि ए. हरी रेड्डी यांनी १९८१ साली अमेरिकेत एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. कॅल्शियम काढलेल्या हाडातून त्यांनी विरघळणारी प्रथिने वेगळी केली. मागे उरले ते मुख्यतः कोलॅजेन. नुसती प्रथिने उंदरांच्या कातडीखाली घातली, हाड झाले नाही. नुसते कोलॅजेन घातले, तरीही झाले नाही. दोन्ही पुन्हा एकत्र करून घातले, तेव्हा मात्र हाड तयार झाले. बियाणे आणि जमीन दोन्ही असल्याशिवाय पीक येत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको.

ही जमीन म्हणजे कोलॅजेन. आपल्या हाडात, कातडीत आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरेत हेच प्रथिन दोरखंडासारखे असते. त्याचे तीन पदरी वेणीसारखे रूप मद्रासचे जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली जगापुढे मांडले. शोध साहेबाच्या देशातच लागतात असे मानणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

वाहक कशासाठी?

आता कोणी विचारेल की औषध आहे तर इंजेक्शनने का देत नाहीत? कारण वृद्धिघटक रक्तात सोडले तर थोड्याच वेळात वाहून जातात किंवा नष्ट होतात. त्यांना मोडलेल्या जागी काही दिवस धरून ठेवणारे आणि नव्या पेशींना चढायला मांडव देणारे काहीतरी लागते. यालाच वाहक म्हणतात. बीएमपी-२ या औषधासोबत कोलॅजेनचा एक पातळ स्पंज येतो. औषध पाण्यात विरघळवून त्यावर टाकतात, पंधरा मिनिटे मुरू देतात आणि मग तो स्पंज ऑपरेशनच्या वेळी मोडलेल्या हाडाभोवती ठेवतात. कालांतराने स्पंज शरीरात विरघळून जातो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अनेकांना हा स्पंज कृत्रिम वाटतो. तसा तो नाही. तो गाय-बैलांच्या कंडरेतील कोलॅजेन शुद्ध करून बनवलेला असतो. कारखान्यात बनवलेले, कोलॅजेनच्या एका छोट्या भागाची नक्कल करणारे पंधरा अमायनो आम्लांचे तुकडेही आता निघाले आहेत. त्यांपैकी एकाला अमेरिकेत २०१५ साली मानेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. आपल्या भागात या मुद्द्याला धार्मिक भावनेचीही बाजू आहे. त्यावरून कोणावर टीका करण्याचे कारण नाही. परंतु आपल्या शरीरात काय ठेवले जात आहे आणि ते कोठून आले आहे, हे विचारण्याचा प्रत्येक रुग्णाला हक्क आहे, आणि ते साध्या मराठीत सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

आकडे काय सांगतात?

किलोभर हाडातून मायक्रोग्रॅमच्या मापात मिळणारे हे प्रथिन मुबलक मिळावे कसे? १९८८ साली बीएमपीची जनुके ओळखली गेली आणि मग ते कारखान्यात पेशींकडून बनवून घेता येऊ लागले. नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरमध्ये किती उपयोग होतो हे पाहण्यासाठी अनेक देशांत मिळून ४५० रुग्णांवर अभ्यास झाला. त्याचा अहवाल २००२ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. नडगीत सळई घालून वर जास्त मात्रेचा बीएमपी-२ स्पंज ठेवलेल्या रुग्णांत, हाड न जुळल्यामुळे दुसरे ऑपरेशन करावे लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी झाला. हे यश लहान नाही. त्याच्या आधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी या औषधाला मान्यता दिली.

पण गोष्ट येथे संपत नाही. २०११ साली २७७ रुग्णांचा दुसरा अभ्यास आला. यात सर्वांना हाडाची पोकळी कोरून घट्ट बसणारी सळई घातलेली होती. विसाव्या आठवड्यात बीएमपी घातलेल्यांपैकी ६८ टक्के रुग्णांची हाडे जुळली होती आणि न घातलेल्यांपैकी ६७ टक्क्यांची! म्हणजे सळई उत्तम बसवली तर महागड्या औषधाने विशेष फरक पडला नाही. कारागिराने पाया पक्का घातला की भिंतीला टेकू लावावा लागत नाही, तसाच हा प्रकार.

न जुळलेल्या जुन्या नडगीसाठी बीएमपी-७ या भावंडाचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याची तुलना रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेल्या कलमाशी केली होती. नऊ महिन्यांनी औषधाने ८१ टक्के आणि स्वतःच्या हाडाने ८५ टक्के रुग्णांत यश आले. म्हणजे दोन्ही बरोबरीचे ठरले. स्वतःचे हाड घेतलेल्यांपैकी वीस टक्क्यांहून अधिक जणांना कमरेच्या जागी दीर्घकाळ दुखणे राहिले, ही त्याची उणीव. परंतु कमरेचे हाड विकत आणावे लागत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णाने हा हिशोब विसरू नये.

कण्याच्या ऑपरेशनांनी दिलेला धडा

औषध चांगले असले तरी ते कोण, कोठे आणि कशासाठी वापरतो यावर सारे अवलंबून असते. बीएमपी-२ ला पहिली मान्यता २००२ साली कमरेच्या मणक्यांच्या एका विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी मिळाली होती. बघता बघता ते मान्यता नसलेल्या जागीही वापरले जाऊ लागले. मानेत वापरल्यावर काही रुग्णांच्या गळ्याला इतकी सूज आली की श्वास आणि गिळणे बंद पडण्याची वेळ आली. २००८ साली अमेरिकन प्रशासनाला याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला.

पुढे २०११ साली कण्याच्या शस्त्रक्रियेला वाहिलेल्या एका मान्यवर नियतकालिकाने जुने शोधनिबंध पुन्हा तपासले. उद्योगाच्या पैशावर झालेल्या सुरुवातीच्या अभ्यासांत ७८० रुग्णांना औषध दिले होते आणि त्यापैकी एकालाही औषधाचा त्रास झाल्याची नोंद नव्हती. प्रत्यक्ष कागदपत्रे पाहिल्यावर त्रास झालेल्यांचे प्रमाण बरेच मोठे निघाले. त्यानंतर कंपनीने आपले सर्व आकडे येल विद्यापीठाच्या हवाली केले. दोन स्वतंत्र गटांनी ते तपासून २०१३ साली सांगितले की कण्याच्या ऑपरेशनात या औषधाचा नेहमीच्या हाडाच्या कलमापेक्षा फारसा अधिक फायदा नाही.

हे सारे अमेरिकेत घडले, जेथे कायदे कडक आहेत आणि रुग्ण कोर्टात जायला कचरत नाहीत. मग आपल्याकडे, जेथे डॉक्टरला देव मानून कागदावर अंगठा उठवला जातो, तेथे किती सावध राहिले पाहिजे? गरोदर स्त्रिया, कर्करोगाचे रुग्ण, हाडे अजून वाढत असलेली मुले आणि जखमेत जंतुसंसर्ग असलेले रुग्ण यांना बीएमपी द्यायचे नसते, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

रक्तातून काढलेले 'फॅक्टर'

लहान-मोठ्या शहरांत जे 'फॅक्टरचे इंजेक्शन' म्हणून सांगितले जाते ते बहुतेक वेळा बीएमपी नसतेच. ते पीआरपी असते. रुग्णाचेच रक्त काढून यंत्रात फिरवतात, त्यातील रक्तबिंबिकांचा दाट भाग वेगळा करतात आणि दुखऱ्या जागी टोचतात. रक्तबिंबिकांत वृद्धिघटक असतात, हे वर आलेच आहे. म्हणून कल्पना तर्काला धरून आहे. रक्त स्वतःचेच असल्यामुळे धोकाही कमी. परंतु तर्क आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने लांब हाडे जुळवण्यासाठी पीआरपीचा उपयोग होतो का, याचा आढावा घेतला. तेव्हा त्यांच्या निकषांवर उतरणारा केवळ एकच अभ्यास मिळाला आणि त्यात रुग्ण होते अवघे २१. एवढ्या आधारावर ताज्या फ्रॅक्चरसाठी गरिबाने कर्ज काढावे, असे मला वाटत नाही.

काहीजण कांडवेलीबद्दलही विचारतात. जुन्या ग्रंथांत अस्थिसंहार म्हणून तिचे वर्णन आहे आणि काशी हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवर तिचे अभ्यासही केले. घरी कोणी कांडवेलीची भाजी केली तर माझी हरकत नाही. मात्र कांडवेलीच्या भरवशावर प्लास्टर काढून टाकणे आणि पीआरपीच्या भरवशावर ढिली सळई तशीच ठेवणे, या दोन्ही चुका एकाच तोलाच्या आहेत.

हाड अडते कशामुळे?

माझ्या मते खरा मुद्दा येथेच आहे. हाड जुळत नसेल तर आधी ते का अडले हे शोधले पाहिजे. कारण दूर न करता वृद्धिघटक घालणे म्हणजे बांध फुटलेला असताना वरून मोटार लावून पाणी सोडणे.

पहिले कारण म्हणजे हलते हाड. सळई किंवा पट्टी ढिली असेल, प्लास्टर सैल झाले असेल, किंवा पेरणी आली म्हणून सांगितलेल्या मुदतीआधी पायावर भार दिला असेल, तर कुर्चेचा पूल पुन्हा पुन्हा मोडतो. दुसरे कारण जंतुसंसर्ग. जखमेतून पाणी किंवा पू येत असेल तर आधी ती स्वच्छ करणे भाग आहे. तिसरे कारण रक्तपुरवठा. हाड बसवणाऱ्याकडे जाऊन बांबूच्या कामट्यांनी करकचून बांधून घेतलेले हात-पाय मी पाहिले आहेत. बोटे बधिर आणि निळी पडेपर्यंत लोक वाट पाहतात. अशा वेळी हाडाची काळजी बाजूला राहते आणि हात-पाय वाचवण्याची वेळ येते.

चौथे कारण आपल्या विदर्भाच्या खास ओळखीचे आहे. ते म्हणजे खर्रा. तंबाखूतील निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशींना रक्त कमी पडते. अमेरिकेत नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत हाड जुळण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी कमी आढळली आणि जंतुसंसर्गाचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. खर्ऱ्यात धूर नाही, पण निकोटिन तेच आहे. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या उशाखालून पुडी काढणारे रुग्ण आणि ती आणून देणारे भाऊबंद, दोघांनाही माझे हात जोडून सांगणे आहे की हाड जुळवण्याचे सर्वांत स्वस्त औषध म्हणजे ही पुडी फेकून देणे.

पाचवे कारण अंगातील उणीव. आटोक्यात नसलेला मधुमेह, रक्त कमी असणे, ड जीवनसत्त्वाची आणि प्रथिनांची कमतरता या गोष्टी हाडाला मागे खेचतात. डाळीने जखम पिकते, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे आणि नेमक्या गरजेच्या वेळी रुग्णाचे वरण बंद केले जाते. हे चुकीचे आहे. वरण, उसळ, दूध, दही, चालत असल्यास अंडी व मासे, तीळ-जवसाची चटणी हे रुग्णाच्या ताटात असलेच पाहिजे. दुकानातून आणून महिनोन् महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही हाड जुळण्यात अडथळा आणू शकतात. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

मग हे औषध कोणासाठी?

नऊ महिने झाले, सलग तीन महिन्यांच्या एक्स-रेमध्ये हाड पुढे सरकलेले नाही, अशा हाडाला साधारणपणे न जुळलेले हाड म्हणतात. त्याआधी घाबरून जाण्याचे कारण नाही. न जुळलेल्या हाडासाठीही सळई बदलणे, कमरेचे हाड काढून कलम करणे, हाडाचा तुकडाच गेला असल्यास इलिझारोव्ह पद्धतीची कडी लावणे, हे आजमावलेले मार्ग आहेत. सेवाग्राम, सावंगी आणि नागपूरची वैद्यकीय महाविद्यालये आपल्यापासून फार दूर नाहीत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात, याची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे आधीच करावी.

हे सर्व करूनही हाड अडले, किंवा कमरेचे हाड पूर्वीच काढून झाले आहे, किंवा फाटलेल्या नडगीचा धोका मुळातच मोठा आहे, असे अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञाचे मत असेल, तर वृद्धिघटकांचा विचार जरूर करावा. अशा रुग्णाला त्याचा खरा फायदा होऊ शकतो आणि त्याला ते नाकारणेही चूक ठरेल.

सही करण्याआधी तज्ज्ञांना हे पाच प्रश्न नम्रपणे विचारा. माझे हाड आपोआप जुळण्याची शक्यता किती? ते अडले असेल तर कारण कोणते आणि ते दूर झाले का? तुम्ही घालणार आहात ते बीएमपी आहे, पीआरपी आहे की नुसता हाडाचा चुरा? माझ्याच कमरेचे हाड का चालणार नाही? आणि याचा खर्च बिलात वेगळा दाखवाल का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. मी अस्थिरोगतज्ज्ञ नाही, साधा एम.बी.बी.एस. डॉक्टर आहे, परंतु अशा प्रश्नांची शांतपणे उत्तरे देणारे अनेक तज्ज्ञ मला ठाऊक आहेत.

सरकारकडे एक मागणी

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी आहे. तेथे दान मिळालेले हाड गोठवून सुकवतात, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात आणि गरजू रुग्णांसाठी देतात. सांधा बदलताना काढलेला खुब्याचा गोळा अन्यथा फेकूनच दिला जातो. तोच तपासून, निर्जंतुक करून दुसऱ्याच्या कामी येऊ शकतो. हाडाची पोकळी मोठी असेल तेथे असे हाड भरता येते. माझी सूचना आहे की विदर्भातील मोठ्या शासकीय रुग्णालयांत अशा अस्थिपेढ्या सक्षमपणे चालाव्यात आणि त्यातील हाड योजनेतील रुग्णाला मोफत मिळावे. परदेशी स्पंजाच्या जाहिरातीपेक्षा त्याचा लाभ अधिक लोकांना होईल.

त्याहूनही मोठा लाभ अपघातानंतरच्या पहिल्या तासात आहे. उघड्या फ्रॅक्चरमध्ये प्रतिजैविक औषध तासाभरात मिळाले तर जंतुसंसर्ग टळण्याची शक्यता वाढते. म्हणून महामार्गावरील प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात रात्रीसुद्धा हे इंजेक्शन, धनुर्वाताची लस आणि हाडाला बांधायचा आधार तयार असावा. नागरिकांनीही १०८ क्रमांकावर फोन करावा. जखमेवर हळद, माती किंवा रॉकेल घालू नये, ती स्वच्छ कापडाने झाकावी. कामटी, छत्री किंवा जाड पुठ्ठा यांचा आधार हलक्या हाताने बांधावा आणि बोटांचा रंग पाहत राहावे. हा अर्धा तास नीट गेला तर पुढे महागड्या औषधाची गरज पडणारी हाडे आपोआप कमी होतील.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते की विज्ञानाचा आदर करावा, पण त्याच्या नावाने होणाऱ्या घाईला बळी पडू नये. हाड बसवणे तज्ज्ञाच्या हाती आहे, पण ते स्थिर ठेवणे, जखम स्वच्छ राखणे, खर्रा सोडणे, चार घास सकस खाणे आणि ठरलेल्या दिवशी एक्स-रेला जाणे हे आपल्या हाती आहे. एवढे करूनही हाड अडले तर मग वृद्धिघटकांचा विचार करावा, आणि तोही तज्ज्ञाकडून कारण समजून घेतल्यावरच.